माशाच्या छातीवरच्या चुण्या

शास्त्राच्या पुस्तकांत एक मासा आहे, ज्याच्या लॅटिन नावापाठोपाठ माझं आडनाव छापलेलं असतं. तशी पद्धतच आहे. ज्यानं एखाद्या प्राण्याचं पहिलं वर्णन केलं, त्याचं आडनाव त्या प्राण्याच्या नावामागे कायमचं लागतं. मासा काही देखणा नाही. जेमतेम बोटभर. ओल्या मातीचा रंग, चपटं डोकं, अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. बाजारात कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. पण त्याचं नाव आणि माझं आडनाव शेजारी शेजारी छापलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गिरगावातल्या आमच्या कॉलेजच्या जिन्यात उभी होते आणि तिथेच पायरीवर बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीत होते. लालबागच्या आमच्या चाळीत एकेका मजल्यावर वीस-वीस खोल्या, आणि जवळजवळ प्रत्येक खोलीतला कर्ता पुरुष गिरणीत. माझे बाबा साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. वर्षानुवर्षं त्यांनी कापड विणलं आणि शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे विणलेलं कापड तपासायचंही काम आलं. त्यासाठी त्यांच्याकडे एक पितळी घडीचं भिंग होतं. उघडलं की वर काच आणि खाली चौकोनी खिडकी. ते कापडावर ठेवायचं आणि खिडकीत दिसणारे उभे-आडवे धागे मोजायचे. बाबा फार कमी बोलायचे. मागांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात मिटेल. माझी परीक्षा झाली तरी मिटलं नाही. मग चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून गावाला जायला लागली. आम्हीही गेलो. मी, आई, बाबा. आमचं गाव कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, तिथे एकटी राहून घर सांभाळत होती.

गावात बाबांना काही सुचेना. रिकामे हात घेऊन ते घराच्या मागच्या व्हाळाकडे जायचे. व्हाळ म्हणजे डोंगरातून उतरणारा छोटा ओढा. आमचा बारमाही होता. मे महिन्यातही मोठमोठ्या दगडांमधून त्याची धार चालू असायची. एक दिवस मी त्यांच्या मागून गेले. ते गुडघाभर पाण्यात वाकून उभे होते. मला पाहून त्यांनी हातानं खूण केली, गिरणीतली खूण असणार ती, 'इकडे ये, आवाज करू नको.'

"ह्यो बघ," ते हळूच म्हणाले. "दगडाक कसो चिकटलो हा."

धारेच्या ऐन तोंडाशी, जिथे माझा पायही ठरत नव्हता, तिथे दगडाच्या उभ्या पाठीवर एक मासा छाती टेकून बसला होता. पाणी त्याच्या अंगावरून जात होतं आणि तो जागचा हलत नव्हता. बाबांनी दगडावरून त्याला सोडवला तर चक्क 'चट' आवाज आला. उलटा करून पाहिला. छातीवर कातडीच्या बारीक उभ्या चुण्या होत्या, निऱ्या घातल्यासारख्या. त्यांच्या जोरावर तो दगड धरून ठेवत होता.

"ह्याका दगडचाटो म्हणतत," बाबा म्हणाले. तेवढ्यावर त्यांच्या बाजूनं विषय संपला. माझ्या बाजूनं संपला नाही. बारावीला मी जीवशास्त्र घेतलं होतं, पण पुस्तकातला एकही प्राणी मी असा हातात धरला नव्हता. पुढचे आठ-दहा दिवस मी व्हाळात आणि व्हाळ जिथे नदीला मिळतो तिथे तेच करत राहिले. एक रिकामी बरणी घेतली आणि त्यात मासे साठवायला लागले.

एका दुपारी आत्या चुलीपुढून उठून आली, बरणी उजेडात धरून तिनं पाहिली आणि मला म्हणाली, "अगो, ह्या दोगांका एका बरणयेत कित्याक घातलंस?"

"दोघांना म्हणजे? सगळे दगडचाटेच आहेत ना?"

"खंयचे? ह्यो व्हाळातलो. तो नदीतलो. येगळे ते." तिनं बरणीत हात घालून एकेक मासा बाहेर काढला. "ह्येची शेपटी बघ, जाड. आणि त्याची बारीक. नदीतल्याचो रस्सो पातळ होता, व्हाळातल्याचो दाट. इतक्या वर्सांत माका समाजना नाय?"

मी पाहिलं. मला दोन्ही सारखेच दिसले. पण आत्यानं न चुकता, एकदाही न अडखळता, ढीग वेगळे केले. मी दोन बरण्या केल्या आणि त्यावर चिठ्ठ्या लावल्या, 'व्हाळ' आणि 'नदी'. पुढे माझ्या हातून जे काही झालं ते त्या दोन चिठ्ठ्यांवर उभं आहे. त्या मी स्वतःच्या हुशारीनं लावलेल्या नाहीत, हे मी जिथे बोलायला उभी राहते तिथे सांगते.

जूनमध्ये मी एकटी मुंबईला परत आले. बाबांचं म्हणणं होतं की मी शिकायचं थांबवू नये. एवढंच त्यांनी त्या उन्हाळ्यात ठामपणे सांगितलं. चाळीत शेजारच्या काकूंकडे जेवायचं, आमच्या खोलीत झोपायचं आणि गिरगावातल्या कॉलेजात चालत जायचं. लालबाग ते गिरगाव अंतर कमी नाही, पण बसची वाट पाहण्यापेक्षा मला चालणं बरं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी त्या दोन बरण्या घेऊन प्राणिशास्त्राच्या सरांपुढे उभी राहिले. गावाकडच्या डॉक्टरांकडून फॉर्मलिन मागून मी मासे त्यात ठेवले होते. सर त्या वासानंच मागे सरकले.

"हे काय?"

"सर, हे दोन वेगळे आहेत असं माझी आत्या म्हणते."

सर हसले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर मानलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बरण्या बघितल्या आणि कपाटातून एक जाडजूड जुनं पुस्तक काढलं. "सह्याद्रीच्या नद्यांत या जातीचा मासा सगळीकडे सापडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचं वर्णन झालेलं आहे. हे घे वर्णन. एकेक वाक्य वाच आणि तुझ्या माशाशी ताडून बघ. जे जुळत नाही ते लिहून आण."

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. त्याला नऊ वर्षं लागली.

नऊ वर्षं सलग काम चाललं होतं असं नाही. त्यात माझी पदवी झाली, मग पुढचं शिक्षण झालं, आणि त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायची नोकरी लागली. संप कधी संपला ते कुणाला नेमकं सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही. बाबांची गिरणी पुन्हा सुरू झाली ती अर्धीमुर्धी, आणि त्यात त्यांना घेतलं नाही. आईला घेऊन ते मुंबईला परत आले आणि कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर दिवसपाळीचे रखवालदार झाले. ज्या माणसानं आयुष्यभर कापूस कापड होताना पाहिला तो आता त्याच्या गासड्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायचा.

माशांच्या बरण्या मात्र वाढत गेल्या. दर सुट्टीत मी गावी जायचे, आणि आमच्या व्हाळाबरोबर शेजारच्या दोन-तीन व्हाळांतूनही मासे आणायचे. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून बरण्या आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. आईनं बजावलं होतं, "लोणच्याच्या बरणीला लाल फडकं, तुझ्या बरणीला काळं. एकदा जरी चुकलीस तर सगळे मासे मोरीत ओतीन." मी कधी चुकले नाही. आईच्या धाकानं मला नमुने नीट ठेवायची जी शिस्त लागली ती कुठल्या विद्यापीठात लागली नसती.

कण्याच्या मणक्यांची संख्या मोजायची तर माशाचा एक्स-रे काढावा लागतो. परळमध्ये एका ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे मी डब्यात सहा मासे घेऊन गेले. त्यानं वही उघडली.

"पेशंटचं नाव?"

"नाव अजून ठेवायचंय," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं, मी डबा उघडला. त्यात डोकावून तो म्हणाला, "श्वास रोखून धरायला सांगायची गरज नाही म्हणजे." त्यानं इतके स्वच्छ फोटो काढून दिले की एकेक मणका मोजता आला. व्हाळातल्या माशांना मणके कमी होते. शेपटीच्या मुळाची उंची जास्त होती. आत्या जिला 'जाड शेपटी' म्हणत होती तीच. मिशा आखूड होत्या. आणि छातीवरच्या चुण्यांची संख्या वेगळी दिसत होती. दिसत होती, असंच म्हणायला हवं, कारण ती मला नक्की मोजता येत नव्हती. त्या चुण्या इतक्या बारीक आणि जवळजवळ की एकाच माशाच्या मी पाच वेळा मोजल्या तर पाच आकडे यायचे.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत उजेडाला बसून हेच करत होते. कॉलेजातून आणलेला छोटा सूक्ष्मदर्शक, पाटावर मासा, हातात टाचणी. बाबा बाजूला पेपर वाचत होते. चौथ्यांदा माझा आकडा चुकला आणि मी वैतागून टाचणी टाकली. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"काय मोजतंस?"

मी दाखवलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मान हलवली, आत गेले आणि आपलं पितळी भिंग घेऊन आले. गिरणी सोडताना ते त्यांच्या खिशात राहिलं होतं आणि परत मागायला कुणी उरलं नव्हतं.

"असा नाय मोजूचा," ते म्हणाले. "नुसते डोळे फिरवलंस तर धागो सुटता. टाचणी प्रत्येकाक लाव. दहा झाले की थांब, श्वास घे. एकदा डावीकडसून मोज, एकदा उजवीकडसून. दोनय आकडे जुळले तरच लिही. नाय जुळले तर दोनय सोड, पयल्यापासून धर."

मग त्यांनी स्वतः मोजून दाखवलं. टाचणीचं टोक त्या चुण्यांवरून असं सरकत होतं की माशाच्या कातडीला ओरखडासुद्धा उठत नव्हता. डावीकडून एकोणीस, उजवीकडून एकोणीस. दुसरा मासा: डावीकडून अठरा, उजवीकडून अठरा. मी नुसती बघत राहिले. माझ्या बाबांचा हात किती कसबी आहे हे मला सव्विसाव्या वर्षी, गॅलरीत पाटावर बसून, पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी त्यांना काम करताना पाहिलंच नव्हतं. गिरणीत मुलांना कोण नेतं?

ती मोजणीची रीत मी प्रयोगशाळेत सुरू केली. सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातून घेतलंस? मी सांगितलं, साचेखात्यातून.

शेवटी लेख लिहून झाला. गिरगावातल्या एका टायपिंगच्या क्लासात मी तो टाइप करून घेतला, आणि सरांना विचारलं की लेखक म्हणून आधी त्यांचं नाव घालू ना. ते म्हणाले, "मी काय केलं? एक पुस्तक दिलं वाचायला. तुझं एकटीचं नाव घाल. आणि एक लक्षात ठेव. नवीन जात म्हणायची घाई करू नये. आपण चुकलो तर पुढे शंभर वर्षं कुणीतरी आपलं नाव घेऊन ती चूक निस्तरत बसतं."

लेख शास्त्रीय मासिकाकडे गेला आणि चार महिन्यांनी परत आला. तपासणाऱ्या तज्ज्ञानं बारीक अक्षरात दोन पानं लिहिली होती. मणके, शेपटी, मिशा यांबद्दल त्याची तक्रार नव्हती. चुण्यांबद्दल होती. एकाच व्यक्तीनं मोजलेल्या इतक्या बारीक गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? ज्याला काय हवं आहे ते आधीच माहीत आहे, त्याला तोच आकडा दिसतो. सर्व नमुने दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मोजावेत, आणि त्या व्यक्तीला कुठला मासा कुठल्या पाण्यातला हे माहीत नसावं. ते झाल्याशिवाय लेख छापता येणार नाही.

मला राग आला. दोन दिवस मी बरण्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "काय झाला?" मी तज्ज्ञाचं म्हणणं मराठीत समजावून सांगितलं. मला वाटलं त्यांनाही राग येईल.

"बरोबर बोलता तो," बाबा म्हणाले. "आमच्याकडेय विणणारो आपलाच कापड तपासूक शकत नसे. दुसऱ्यान तपासूचा."

"मग तुम्ही मोजाल?"

त्यांनी भिंग पुसायला घेतलं, त्यावरून मी समजले.

मी एकूण चाळीस मासे निवडले, व्हाळातले आणि नदीतले मिळून. प्रत्येकाला दोऱ्यानं नुसता एक आकडा बांधला आणि ते दोन डब्यांत ठेवले. कुठला आकडा कुठल्या पाण्यातला ते माझ्या वहीत, आणि ती वही मी सरांच्या कपाटात कुलूपबंद केली. बाबांनी पुढचे चार रविवार गॅलरीत बसून मोजलं. आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून, सकाळी उजेड चांगला असताना. उन्हं वर आली की थांबायचे. शेजारचे येऊन बघायचे. "काय चाललंय?" "मोजणी." एवढंच उत्तर. जे साचेखात्यातले होते ते भिंग बघायचे आणि जास्त काही न विचारता निघून जायचे.

चौथ्या रविवारी त्यांनी मला कागद दिला. चाळीस आकड्यांपुढे चाळीस मोजण्या, ठसठशीत अक्षरात. आणि एका आकड्याभोवती गोल.

"ह्यो सव्वीस नंबर," ते म्हणाले, "ह्या ताग्यातलो नाय."

मी म्हटलं, म्हणजे काय?

त्यांनी सांगितलं. मोजता मोजता त्यांना आपोआपच दोन गट दिसायला लागले होते. एका गटात चुण्या दाट, दुसऱ्यात विरळ; जसा कापडाचा एक तागा दुसऱ्याहून वेगळा ओळखू येतो तसा. सव्वीस नंबर मी ज्या डब्यात ठेवला होता, त्या डब्यातले बाकी सगळे एका पोताचे होते, आणि हा एकटा दुसऱ्या पोताचा. डब्यांना नावं नव्हती, पण मासे काढताना मी नकळत व्हाळातले एकीकडे आणि नदीतले दुसरीकडे ठेवले होते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की माझ्याकडून एक मासा चुकीच्या गटात गेला आहे.

व्हाळातल्या माशांत एक जरी नदीसारखा निघाला तर माझं सगळं म्हणणंच कोसळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडायच्या आधी मी दारात उभी होते. सरांनी कपाट उघडलं. वहीत सव्वीस नंबरपुढे लिहिलं होतं 'व्हाळ'. मग मी तो मासा पहिल्यांदा पकडला तेव्हाची जुनी, गावी ठेवलेली नोंदवही आठवली. तिची नक्कल कॉलेजात होती. पान काढलं. त्या दिवशी मी व्हाळ आणि नदी मिळतात त्या जागी उभी होते. तीन मासे नदीच्या बाजूचे, दोन व्हाळाच्या. वहीतून वहीत उतरवताना मी एक ओळ खाली घसरले होते. सव्वीस नंबरचा मासा नदीचा होता.

सरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग खुर्चीत मागे टेकले. "तुझ्या वडिलांनी," ते म्हणाले, "वही न बघता तुझी चूक काढली. आता माझी खात्री पटली. तोपर्यंत, खरं सांगू, मी तुझं मन मोडायचं नाही म्हणून गप्प होतो."

त्या दिवशी मी कॉलेजातून थेट कॉटन ग्रीनला गेले. बाबा गोदामाच्या दारात खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं, आणि मग शेजारच्या हमालाकडे वळून, मी आजवर कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "माझी मुलगी. कॉलेजात शिकवते. तिचं काम तपासायला मला बसवलंय तिनं."

लेखात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. दुसरी मोजणी कुणी केली, कशी केली, आणि माझी कुठली चूक त्यातून निघाली. आभारात बाबांचं नाव घातलं. सर म्हणाले, नावापुढे संस्था लिहायची पद्धत आहे, काय लिहायचं? मी लिहिलं, 'विणकर, लालबाग.' मासिकानं ते तसंच छापलं.

राहिलं होतं माशाचं नाव. मी बाबांना म्हणाले, तुमच्या नावावरून ठेवते. असं करता येतं. अनेकांनी आपल्या गुरूंची, आईवडिलांची नावं दिलेली आहेत. ते जेवत होते. घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "माजा नाव नको. साच्यार काय मी एकटोच होतंय?"

मी शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये विणकराला एक शब्द आहे. तोच घेतला. आता जगात कुठेही, कुठल्याही भाषेच्या पुस्तकात तो मासा आला की त्याला विणकराचा मासा असंच म्हणावं लागतं. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी पुढे काय काय उभं राहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हे नाव मात्र कुणाला बदलता येणार नाही. शास्त्राचा नियमच तसा आहे. याचा मला इतका अभिमान वाटतो की कधी कधी एकटी असताना मी ते नाव नुसतं मोठ्यानं म्हणून बघते.

छापील प्रती आल्या त्याच महिन्यात चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. पूजेनंतर दरवर्षी दहावी-बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार असायचा. कमिटीनं फळ्यावर खडूनं माझंही नाव लिहिलं: 'नवीन मासा शोधल्याबद्दल.' अठ्ठाविसाव्या वर्षी मी दोन वेण्या घातलेल्या मुलींच्या रांगेत बसून नारळ आणि गुलाबाचं फूल घेतलं. प्रसादाच्या रांगेत प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला, खायला कसा लागतो? आईनं सगळ्यांना उत्तर दिलं, रस्सा दाट होतो.

मग कमिटीच्या अध्यक्षांना वाटलं, या माशाबद्दल कुणीतरी दोन शब्द बोलावेत. मी उठायला लागले. तेवढ्यात मागून एक जुना साचेवाला ओरडला, "तिचो बापूस सांगूंदे! मोजलान त्यानं!"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. बाबांनी आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. संपाच्या दिवसांत गिरणीच्या गेटवर रोज सभा व्हायच्या, तिथेही ते मागे उभे असायचे. मला वाटलं, ते हात जोडून बसून राहतील. ते उठले. माईकपाशी गेले आणि बोलायला लागले.

त्यांनी माशाचं वर्णन केलं. मी लेखात जे आठ पानांत लिहिलं होतं ते त्यांनी त्यांच्या बोलीत, एकही गोष्ट न सोडता सांगितलं. डोकं चपटं का, तर वरून पाणी निघून जावं म्हणून. डोळे वरच्या बाजूला. मिशा चार जोड्या, नदीतल्याहून आखूड. शेपटीचं मूळ जाड, कारण व्हाळाची धार जोराची. आणि छातीवर चुण्या, त्या कशा असतात ते त्यांनी दोन्ही हातांची बोटं जवळ धरून दाखवलं. मी बोलावलं म्हणून आलेले सर माझ्या शेजारी बसले होते. ते मान खाली घालून ऐकत होते आणि मधूनमधून लेखाच्या प्रतीवर बोट ठेवून ताडून बघत होते.

बोलून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या विणकरानं हात वर केला. "एका इंचात किती चुणयो?"

"इंच खंयचो? सगळो मासोच तीन इंचाचो," बाबा म्हणाले. "छाती अर्धो इंच. त्यात एकोणीस."

म्हातारा बोटांवर हिशेब करून शेजाऱ्याकडे वळला. "बारीक काम आसा," तो म्हणाला, आणि शेजाऱ्यानं मान डोलावली.